टीएसएन १०४० बंद का पडलं: एका तिखट प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या टीएसएन १०४० या रेडिओ केंद्रावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता नीट उत्तर देतो. इतर वाचकांसाठी तिचा सारांश असा: दिवसभर खेळांवर गप्पा मारणारं हे एएम केंद्र कोणी ऐकत नव्हतं म्हणून बंद झालं. तीच माणसं आज पॉडकास्ट करतात, मग गेलं काय? वाचवायचंच होतं तर एफएमवर न्यायचं. आणि हे सगळं मराठीत सांगायचं कारण काय?

आधी एक कबुली. मूळ लेखात टॉवर, जमीन आणि विजेचं बिल यांवर मी गरजेपेक्षा जास्त शाई घालवली. त्यामुळे केंद्र टॉवरपायी बुडालं असा समज होतो, आणि तिथे तुमची तक्रार रास्त आहे. पण "कोणी ऐकत नव्हतं" हेही खरं कारण नाही.

खरं कारण शोधायचं तर एक साधा तक्ता मांडून बघा. ९ फेब्रुवारी २०२१ च्या मंगळवारी टीएसएन केंद्रांची मालक कंपनी बेल मीडियाने तीन शहरांतली खेळांची केंद्रं एकाच दिवशी बंद केली (नावातला आकडा म्हणजे त्या केंद्राची लहर, किलोहर्ट्झमध्ये): व्हँकुव्हरचं १०४०, विनिपेगचं १२९० आणि हॅमिल्टनचं ११५०. १४ जून २०२३ ला एडमंटनचं १२६० गेलं. टोरोंटोचं १०५०, मॉन्ट्रियलचं ६९० आणि ऑटावाचं १२०० मात्र या दोन्ही फेऱ्यांतून वाचलं. आता प्रत्येक नावापुढे त्या शहरातल्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मोठी लीग) संघाचं समालोचन कोणाकडे होतं ते लिहा. मॉन्ट्रियल कनेडियन्सचं इंग्रजी समालोचन ६९० कडे, ऑटावा सेनेटर्सचं १२०० कडे, आणि टोरोंटो मेपल लीफ्सचे सामने १०५० आणि प्रतिस्पर्धी रॉजर्स कंपनीचं ५९० आपसात वाटून घेत. बंद पडलेल्यांच्या रांगेत काय दिसतं? व्हँकुव्हर कनक्सचे सामने २००६ पासून १०४० वर होते, ते २०१७ मध्ये रॉजर्सच्या नव्या स्पोर्ट्सनेट ६५० ने नेले. विनिपेग जेट्स २०११ पासून १२९० वर, ते २०२० मध्ये ६८० सीजेओबीकडे गेले. एडमंटन ऑयलर्स ६३० चेडकडे. हॅमिल्टनला एनएचएलचा संघच नाही. हक्क असलेली तिन्ही राहिली, नसलेली चारही गेली.

तुम्ही म्हणाल, गप्पांच्या केंद्राला सामन्याचे हक्क कशाला? सामना हा गिऱ्हाईक दुकानात आणणारा माल असतो, नफा बाकीच्या मालावर होतो. हंगामात ८० हून जास्त साखळी सामने, म्हणजे तितक्या रात्री गाडीतला रेडिओ आपोआप त्या केंद्रावर लागलेला असतो. सकाळी किल्ली फिरवली की तेच केंद्र सुरू होतं. सामना संपल्यावरच्या तासात फोन सर्वात जास्त येतात आणि जाहिरातदाराला विकायला सर्वात सोपा तोच तास. शिवाय जाहिराती सुट्या विकल्या जात नाहीत. सामन्यातले स्लॉट, आधीचा कार्यक्रम, नंतरचा कार्यक्रम आणि सकाळच्या दोन जागा असं एक पुडकं मोटारविक्रेत्याला देतात. पुडक्यातून सामना काढला की उरलेल्याचा भाव पडतो. १०४० कडे नंतर बीसी लायन्स (कॅनेडियन फुटबॉल) आणि व्हाइटकॅप्स (सॉकर) उरले, पण त्यांचे सामने मोजके. त्या बळावर केंद्र साडेतीन वर्षं तगलं, हेच खरं तर विशेष. रॉजर्सची बाजू वेगळी: २०१४ पासून १२ वर्षांसाठी ५.२ अब्ज डॉलर मोजून त्यांनी एनएचएलचे राष्ट्रीय हक्क घेतलेले. त्यांचा रेडिओ त्या मोठ्या खर्चाला लावलेला कर्णा होता, त्याने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी घाई त्यांना नव्हती.

आता "ऐकत नव्हतं" या शब्दाकडे. कॅनडात टोरोंटो, मॉन्ट्रियल, व्हँकुव्हर, कॅलगरी आणि एडमंटन या पाच शहरांत श्रोते मोजण्याचं काम न्यूमेरिस ही संस्था पीपीएम नावाच्या छोट्या यंत्राने करते. निवडलेली माणसं ते यंत्र दिवसभर अंगावर बाळगतात. केंद्राच्या आवाजात कानाला न जाणवणारे संकेत मिसळलेले असतात. यंत्राचा माइक ते पकडतो आणि कोणतं केंद्र किती मिनिटं कानावर पडलं याची नोंद होते. ऐकायला चोख वाटतं, पण यातली मेख बघा. हे संकेत मोठ्या आवाजाच्या आडोशाने लपतात. गाण्यात आवाज सलग भरलेला असतो, त्यामुळे भरपूर संकेत मावतात. बोलण्यात मात्र शब्दाशब्दांमध्ये फटी असतात, आणि फटीत आडोसा नाही म्हणून संकेतही क्षीण. एकटा निवेदक थांबत थांबत विचार करून बोलत असेल तर यंत्राला तो "ऐकू" यायला वेळ लागतो. अमेरिकेत याच कारणासाठी वोल्टेर नावाचं यंत्र निघालं. संकेत किती ठळक बसतात ते दाखवायचं आणि ते वाढवायचं, हे त्याचं काम. त्यावरून तिथे मोठा वादही झाला. दुसरी अडचण कानात घालायच्या बोंडांची. कचेरीत बसून फोनवर खेळांच्या गप्पा ऐकणाऱ्याचा आवाज खोलीत येतच नाही. त्यासाठी यंत्राला वेगळी जोडणी लावावी लागते आणि ती न लावता ऐकलेला तास हिशेबातून गळतो. एवढ्याने केंद्र पहिल्या नंबरचं होतं असं सिद्ध होत नाही. पण बोलण्याच्या केंद्राचा आकडा गाण्यांच्या केंद्राच्या आकड्याशेजारी ठेवून "कोणीच नव्हतं" म्हणणं फसवं आहे.

खर्चाचा हिशेब याहून सोपा आहे. समजा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ असे १३ तास स्थानिक कार्यक्रम. तासाला १४ मिनिटं जाहिराती धरल्या तर अर्ध्या मिनिटाचे २८ स्लॉट, दिवसाला ३६४. हे भरायचे कसे? राष्ट्रीय बँका आणि मोटार कंपन्या थोडे घेतात, बाकी शहरातले बार, टायरवाले, गादीवाले, जिम. फेब्रुवारी २०२१ मध्ये साथीमुळे मैदानं रिकामी, बार अर्धे बंद. खर्चाच्या बाजूला चार कार्यक्रम, प्रत्येकी दोन निवेदक, एक प्रोड्यूसर आणि एक आवाजाच्या बोर्डवर बसणारा: १६ माणसं. वर बातम्या देणारे, संघांसोबत फिरणारे, जाहिराती विकणारे. गाण्यांचं केंद्र एका निवेदकाचे तुकडे आधी ध्वनिमुद्रित करून पाच शहरांत वाजवू शकतं. गप्पांना ते जमत नाही, कारण काल रात्रीचा गोल आज दुपारपर्यंत शिळा होतो. बंद केल्यावर त्या लहरीवर काय आलं ते बघा: विनोदी कलाकारांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची वाहिनी. एक संगणक आणि एक यादी. असं रातोरात करता येतं, कारण सर्वसाधारण व्यापारी केंद्राने कोणत्या प्रकारचे कार्यक्रम लावावेत हे तिथली नियामक संस्था सीआरटीसी ठरवत नाही.

एक योगायोग लेखात राहून गेला होता. एकाच सामन्यावर पैज लावण्याची कायदेशीर मोकळीक कॅनडात २७ ऑगस्ट २०२१ ला आली, म्हणजे केंद्र बंद झाल्यावर साडेसहा महिन्यांनी. त्यानंतर खेळांच्या प्रत्येक माध्यमावर पैजवाल्या कंपन्यांच्या जाहिरातींचा पूर आला. त्या पैशाने १०४० ला तारलं असतं का? पुरता नाही. खाजगी कंपन्यांना दार उघडलं ते ऑन्टॅरिओ प्रांताने, एप्रिल २०२२ मध्ये. व्हँकुव्हर ज्यात येतं त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हा धंदा सरकारी लॉटरी महामंडळाकडेच राहिला.

"पॉडकास्ट म्हणजे तेच" या मुद्द्यावर अर्धं मान्य. १०४० वरच्या निवेदकांपैकी सेकेरेस आणि प्राइस यांनी स्वतःचा कार्यक्रम उभा केला आणि तो चालला. डॉन टेलर आणि रिक धालीवाल चेक या टीव्ही वाहिनीवर गेले, हॅलफर्ड आणि ब्रफ स्पोर्ट्सनेट ६५० वर. नावाजलेली माणसं तरली, बोर्डवर बसणाऱ्याचं पॉडकास्ट मात्र कोणी काढत नाही. पण मला म्हणायचंय ते तांत्रिक आहे. थेट फोन कार्यक्रमाची साखळी अशी: फोन येतो, एक जण उचलून नाव, गाव, मुद्दा विचारतो आणि निवेदकाच्या पडद्यावर एक ओळ टाकतो. मग आवाज फोनच्या लाइनमधून मिक्सरवर, तिथून विलंब यंत्रात. हे यंत्र बोलणं काही सेकंद अडवून ठेवतं. कोणी शिवी हासडली की बटण दाबायचं, तेवढा तुकडा कापला जातो आणि यंत्र पुढच्या बोलण्यात सूक्ष्म ताण देत विलंब पुन्हा भरून काढतं. म्हणूनच फोन करणाऱ्याला पहिलं वाक्य सांगतात: घरातला रेडिओ बंद करा. नाही केला तर त्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं आणि तो अडखळतो. या साखळीला माणसं लागतात. दोघांच्या पॉडकास्टला ती परवडत नाहीत, म्हणून फोनची जागा खाली पळणाऱ्या संदेशांनी घेतली. ट्रकचालक गाडी चालवताना हात न लावता बोलू शकत होता, टाइप करू शकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एएमवर समालोचन जवळजवळ घडता क्षणी पोचतं. मैदानात कानाला छोटा रेडिओ लावून बसलेल्याला समोरचा पक (आइस हॉकीची चकती) आणि कानातला आवाज जुळलेला मिळतो. घरी टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओचं समालोचन ऐकणारे तर खूप, आणि तिथे रेडिओ पुढे असतो, म्हणजे त्याला थोडं मागे ओढून चित्राशी जुळवता येतं. इंटरनेटवरून तोच आवाज तुकड्यांत साठत साठत येतो, अर्धा मिनिट सहज मागे. मागे राहिलेल्याला पुढे ढकलता येत नाही. पडद्यावर गोल होऊन खेळाडू मिठ्या मारतात आणि कानात अजून चाल रचली जात असते.

एफएमवर का नाही नेलं? एफएमची लहर दुकानात मिळत नाही. सीआरटीसीने अर्ज मागवायचे, सुनावणी घ्यायची, आणि व्हँकुव्हर सीमेला लागून असल्यामुळे अमेरिकेच्या बाजूच्या केंद्रांना बाधा होणार नाही हे दाखवायचं. शहरातल्या चांगल्या जागा केव्हाच भरल्या आहेत. बेलकडे तिथे एफएम केंद्रं होती, पण गाण्यांचं चालतं केंद्र उठवून हक्क नसलेल्या गप्पा कोण बसवेल? न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएफएएनने २०१२ मध्ये एफएमची जोड घेतली खरी, पण ते १९८७ पासून चालणारं, जगातलं पहिलं चोवीस तास खेळांचं केंद्र, आणि बाजारही न्यूयॉर्कचा.

टॉवरबद्दल आता थोडक्यात, कारण मूळ लेखातली अतिशयोक्ती सुधारायची आहे. १०४० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २८८ मीटर, म्हणून पाव लांबीचा टॉवर ७२ मीटर. एएममध्ये टॉवर स्वतःच अँटेना असतो, चिनी मातीच्या बुडावर उभा आणि जमिनीपासून तोडलेला. त्याच्या बुडाशी जमिनीखाली चहूबाजूंनी तांब्याच्या तारा पसरतात. पूर्ण पद्धतीने १२० तारा, तेवढ्याच लांबीच्या, म्हणजे एका टॉवरला ८ किलोमीटरहून जास्त तांबं. दिशा साधायची तर असे अनेक टॉवर. तारा गंजल्या किंवा चोरीला गेल्या की पल्ला हळूहळू घटतो आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. वीज मात्र वाटते तितकी नाही: ५० किलोवॅटच्या ट्रान्समीटरलाही, ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर, दिवसाला साधारण १,४०० युनिट. दोन निवेदकांच्या पगारापुढे हा आकडा फिका. खरा त्रास गोंगाटाचा. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर आणि विजेवरच्या गाड्यांचे इन्व्हर्टर नेमके याच पट्ट्यात खरखर करतात. त्यात डिसेंबरात व्हँकुव्हरला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घरी परतणाऱ्यांच्या ऐन वेळी दूरची केंद्रं आकाशातून परावर्तित होऊन मिसळायला लागतात.

मराठीत कशासाठी, याचं उत्तर छोटं आहे. आपल्याकडे एएम आकाशवाणीकडेच आहे. खाजगी एफएमला तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचं थेट समालोचन करायला मुभा आहे. सांगली-कोल्हापूरकडची कुस्ती किंवा मुंबईतली कबड्डी त्यात बसू शकते. कोणी हे करायला निघालं, तर वरचा हक्क आणि पुडक्याचा हिशेब त्याला आधी मांडावा लागेल.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे लेखात दोन बदल केले आहेत. टॉवरचा परिच्छेद निम्म्यावर आणला. आणि "२०२१ मध्ये १०४० कायमचं बंद झालं" हे वाक्य दुरुस्त केलं: २०२१ मध्ये खेळ गेला, लहरीवर विनोदी तुकडे वाजत राहिले, आणि प्रक्षेपण थांबलं ते १४ जून २०२३ ला, बेलच्या आणखी पाच एएम केंद्रांसोबत.