तुलनेत उजवं ठरणं आणि इंग्रजीतलं ‘थ्राइव्ह’

‘सफर बाय कंपॅरिझन’ हा इंग्रजीतला जुना, रुळलेला प्रयोग आहे. एखादी गोष्ट दुसरीच्या शेजारी ठेवल्यावर फिकी पडली, की तो वापरतात. याच्या उलट म्हणायचं असलं की आपली हुशार मुलं ‘थ्राइव्ह बाय कंपॅरिझन’ लिहितात. त्यांचा विचार सरळ असतो: सफर म्हणजे सोसणं, त्याच्या उलट भरभराटणं, म्हणजे थ्राइव्ह. व्याकरण याला अडवत नाही. पण इंग्रजी माणूस असं म्हणत नाही. त्यामुळे पेपरात त्याखाली लाल रेघ येते, आणि ती का आली हे मुलांना कुणी सांगत नाही. याची मला खरोखर चीड येते.

थ्राइव्ह व्हायला वेळ लागतो. रोप, मूल, धंदा, गाव थ्राइव्ह होतं, कारण ते वाढतं. तुलनेत काहीच वाढत नाही. दोन वस्तू शेजारी ठेवल्या, नजर फिरवली, एक उजवी दिसली. वस्तू होती तेवढीच राहिली. म्हणून इंग्रजीत तिथे ‘गेन बाय कंपॅरिझन’ किंवा ‘शाइन बाय कंपॅरिझन’ म्हणतात. सगळ्यात बिनधोक म्हणजे ‘कंपेअर फेवरेबली विथ’. आपणही ‘तुलनेत उजवा ठरला’ म्हणतो, ‘तुलनेत भरभराटला’ म्हणत नाही. हे एवढं मराठीतून दाखवलं तरी मुलांना लगेच पटतं.

आता खरी मेख. ‘थ्राइव्ह’ आणि ‘बाय कंपॅरिझन’ एका वाक्यात शुद्धही असू शकतात. शेजारचं गाव ओस पडतंय आणि आपलं, त्या मानाने, भरभराटीला आलंय, असं सांगायचं असेल तर ‘अवर व्हिलेज, बाय कंपॅरिझन, इज थ्राइव्हिंग’ हे उत्तम इंग्रजी आहे. इथे गाव खरंच वाढतंय आणि ‘बाय कंपॅरिझन’ म्हणजे नुसतं ‘त्या मानाने’. दोन स्वल्पविरामांनी ते बाजूला काढलंय. ‘बाय’च्या जागी ‘ऑन’ आलं तर अर्थ पुन्हा बदलतो. ‘ही थ्राइव्ज ऑन कंपॅरिझन’ म्हणजे तुलना हेच त्याचं खाद्य, तुलना झाली की त्याला हुरूप येतो. एवढंसं शब्दयोगी अव्यय, पण सगळा अर्थ त्याच्या हातात.

‘कंपेअर टू’ आणि ‘कंपेअर विथ’चंही तसंच. फाउलरने 1926 साली इंग्रजी वापरावरच्या आपल्या कोशात हा भेद नोंदवला: साम्य सुचवायचं तर ‘टू’, साम्य-फरक तपासायचे तर ‘विथ’. शेक्सपिअर प्रिय व्यक्तीला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का विचारतो, तिथे ‘टू’ आहे. आजच्या वापरात हा भेद बराच पुसट झालाय, हेही मुलांना सांगावं. पण आपल्याला तो अवघड जाण्याचं कारण नाही. आपण उपमा ‘देतो’ आणि तुलना ‘करतो’. हा फरक आपल्याकडे आधीपासून आहे. ‘उपमा कालिदासस्य’ म्हणणाऱ्यांना तो परका कसा असेल?

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शब्दाचा अर्थ कळूनही तो वाक्यात बसवता येत नाही, ही तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण त्यांनी ओळखली आणि सहकाऱ्यांबरोबर परभाषिकांसाठी कोश तयार केला. तो 1942 साली टोकियोत छापला गेला. आजची ऑक्सफर्डची ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ त्यातूनच आली. आपल्या कित्येक वर्गांत मात्र अजून समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्याच पाठ करून घेतात. सफरपुढे थ्राइव्ह, संपलं.

इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कळकळीची विनंती आहे. सुटा शब्द फळ्यावर लिहू नका. त्याच्यामागे येणारं ‘बाय’, ‘ऑन’, ‘विथ’ आणि एक पुरं वाक्य त्याच्यासोबतच लिहा. आणि लाल रेघ मारलीत, तर शेजारी बरोबर प्रयोगही लिहून द्या.