‘आईच्या रक्तात असतंच की’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागं मी ग्रहण, विळी अन् बाळाची जुळलेली बोटं यावर लिहिलं होतं. ग्रहणात विळी धरणाऱ्या आईचा यात दोष नसतो, एका आनुवंशिक आजारात बाळाच्या पेशींना कोलेस्टेरॉल नीट बनवता येत नाही अन् त्यातून असं होतं, माझ्या भावाला तोच आजार असावा, असं त्यात होतं. त्याच्याखाली एका वाचकाची कमेंट आली. नाव दिलेलं नाही, डॉक्टर आहे एवढंच सांगितलंय. बाकीच्यांना कळावं म्हणून ती आधी इथं टाकतो.

"मास्तर, गूगल वाचून कोणी डॉक्टर होत नाही. आईच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, ते बाळाला मिळतंच, मग कमी पडायचा प्रश्न येतो कुठून? हा आजार आपल्याकडं बघायलाही मिळत नाही. तुमच्या भावाला तोच होता याला पुरावा काय? घरातलं दुःख मांडून लाइक मिळवण्यापेक्षा बायकांना फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घ्यायला सांगा. लेख काढून टाका."

दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण ती लाइकची गोष्ट दोन दिवस डोक्यातून जाईना.

डॉक्टरसाहेब, मास्तर म्हणलात त्याचा राग नाही. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, जिंतूरकडच्या खेड्यापाड्यात अजूनही लोक मास्तर म्हणूनच हाक मारतात अन् मला ते आवडतं. पण दुःख मांडून लाइक? तुम्ही माझ्या आईला पाहिलंय का? रोज बाळंतिणी बघणाऱ्या माणसानं हे असं लिहावं याचं मला वाईट वाटलं, तुमच्या मुद्द्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, अन् ते मी लपवणार नाही.

१६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण. आमच्या परभणीकडं खंडग्रासच होतं, पण दुपारी उजेड असा मळका झाला होता की कोंबड्या गप झाल्या. आई तव्हा गरोदर होती, सहावा महिना चालू होता. सगळे दारं लावून आत बसले होते अन् तिनं चुलीपाशी बसून विळीवर गवार चिरली, कारण संध्याकाळी गडीमाणसं जेवायला होती. मे महिन्यात पूर्ण दिवस भरून माझा धाकटा भाऊ झाला. डोकं लहान, टाळू फाटलेली, दोन्ही पायाची अंगठ्याजवळची दोन बोटं एकमेकाला जुळलेली. पाजलेलं दूध नाकातून यायचं. दिवाळी पाहिली नाही त्यानं. आजी, म्हणजे आईची सख्खी आत्याच की, मरेपर्यंत "तू गवार चिरलीस" म्हणत राहिली. मोठ्या दवाखान्यात नेलं तिथल्या डॉक्टरनं सुद्धा पहिला प्रश्न हाच विचारला, ग्रहण पाळलं नव्हतं का. आईनं ती विळी विहिरीत टाकून दिली होती.

पुढं मी बीएस्सी केलं अन् एक दिवस भ्रूणविज्ञानाच्या पुस्तकातलं कोष्टक बघताना सहज हिशोब केला. गर्भाच्या पायाची बोटं आठव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत सुटी होतात. टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमाराला जुळून येते. ग्रहणाच्या दिवशी आईला सहावा महिना! म्हणजे विळी हातात घेतली त्याच्या तीन महिने आधीच जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं. या एका हिशोबापायी मी या विषयात पडलो, गूगल तव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

आता तुमचं ते वाक्य, आईच्या रक्तात भरपूर असतं मग बाळाला कमी कसं पडेल. हे वाक्य ऐकायला इतकं बरोबर वाटतं की लोक त्याच्यापुढं विचारच करत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत आईचं थोडं कोलेस्टेरॉल गर्भाला मिळतं, आधी पीतक पिशवीतून (वार तयार होण्याआधी गर्भाला पोसणारी पिशवी), मग वारेतून, हे मान्य. पण वाढणाऱ्या गर्भाची भूक एवढी की बहुतेक कोलेस्टेरॉल त्याला स्वतःच्या पेशीत बनवावं लागतं. प्रत्येक नव्या पेशीच्या पडद्याला ते लागतं अन् पेशी तर रात्रंदिवस वाढत असतात. मेंदूचं तर वेगळंच. शरीराच्या वजनात मेंदू दोन टक्के, पण शरीरातलं जवळपास पाव कोलेस्टेरॉल तिथं असतं, अन् रक्त अन् मेंदूमधली भिंत एकदा तयार झाली की रक्तातलं कोलेस्टेरॉल आत जातच नाही, मेंदूला आपलं आपणच बनवावं लागतं. आईनं रोज अंडी खाल्ली, तूप खाल्लं, तरी त्या भिंतीपलीकडं काही पोचत नाही.

मी ज्या आजाराबद्दल लिहिलं तो स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम. त्यात कोलेस्टेरॉल बनवायची अगदी शेवटची पायरी अडते. सात-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा कच्चा माल तयार होतो (उन्हात आपल्या कातडीत ज्याच्यापासून ड जीवनसत्त्व होतं तोच) पण त्याचं कोलेस्टेरॉल करणारं एंझाइम नीट चालत नाही. मग दोन गोष्टी होतात, पक्का माल कमी पडतो अन् कच्चा माल साचून राहतो, अन् साचलेला माल ऑक्सिजननं लवकर बिघडून पेशींना त्रास देतो. तुमच्या वाक्यात ही साचायची गोष्ट कुठंय? आईनं कितीही पुरवलं तरी बाळाच्या पेशीतला कच्चा माल काही नाहीसा होत नाही.

अन् बोटं, टाळू, मेंदूचे दोन भाग, हे कोलेस्टेरॉलशी जोडलं कशानं जातं? गर्भात पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यातल्या एका निरोप्या प्रोटीनचं नाव सॉनिक हेजहॉग. हे प्रोटीन स्वतःला मधून तोडतं अन् तुटलेल्या टोकाला कोलेस्टेरॉलचा एक रेणू चिकटवून घेतं, हे १९९६ साली कळलं. त्याच वर्षी हेही कळलं की माणसात याचा जीन बिघडला तर पुढचा मेंदू दोन भागात नीट विभागत नाही. निरोप घेणाऱ्या पेशीत स्मूदन्ड नावाचं प्रोटीन असतं, त्यालाही काम करायला कोलेस्टेरॉल लागतं. या प्रोटीनांचा माग ज्या कामातून लागला ते फळमाशीच्या अळ्यांवरचं काम, नुसलाइन-फोलहार्ड अन् विशाउस या दोन शास्त्रज्ञांचं, छापून आलं १९८० साली. ज्या वर्षी आमच्या घरात विळीवर खापर फुटलं त्याच वर्षी. पुढं १९९५ ला त्यांना नोबेल मिळालं.

मेंढ्यांचं उदाहरण मी लेखात दिलं होतं, ते तुम्ही वाचलं नसावं असं कमेंटवरून दिसतं. अमेरिकेतल्या आयडाहो भागात मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं व्हायची. शोधाशोध केली तर गाभणेपणाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास मेंढी कॉर्न लिली नावाची रानटी झाडं खायची. त्या झाडातलं सायक्लोपामाइन जाऊन बसतं त्याच स्मूदन्डवर अन् निरोप बंद पाडतं. आईच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा तिथं प्रश्नच नव्हता हो! निरोप पोचला नाही एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी लेख लिहिला. हा आजार व्हायला बाळाला डीएचसीआर-७ या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून अन् एक बापाकडून. आईकडं एक प्रत चांगली असते म्हणून तिचं कोलेस्टेरॉल नॉर्मल, ती धडधाकट, अन् म्हणूनच तिच्या रक्तावरून काही कळत नाही. दोघंही असे वाहक असले की दर खेपेला चारात एक शक्यता. आपल्याकडं मामाची पोरगी करायची रीत आहे, माझे आईवडील तसेच, आते-मामेभावंडं. अशा जोडप्यांचे जीन सरासरी आठवा हिस्सा सारखे असतात, म्हणून घराण्यात दडलेली बिघडलेली प्रत दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. हे सांगणं म्हणजे बायकांना घाबरवणं नाही डॉक्टरसाहेब. बाईनं काय चिरलं, काय खाल्लं, कव्हा झोपली, याच्याशी संबंध नाही हे सांगणं आहे. तुमच्या वाक्यानं उलट होतं, "आईकडून मिळतंच" म्हणलं की पुढचा प्रश्न येतोच, मग आईनं दिलं काहून नाही?

एक चूक मात्र तुमच्यामुळं नाही पण दुसऱ्या एका वाचकामुळं लक्षात आली, ती मोकळेपणानं मान्य करतो. मी लिहिलं होतं की १९६४ ला या आजाराचं कारण सापडलं. १९६४ ला स्मिथ, लेमली अन् ओपिट्झ या तीन डॉक्टरांनी फक्त वर्णन केलं होतं. कोलेस्टेरॉलचा बिघाड १९९३ ला कळला अन् जीन १९९८ ला. दुरुस्त केलंय.

बाकीचं थोडक्यात. युरोपी वंशाच्या लोकांत साधारण वीस ते चाळीस हजार जन्मांत एक असं प्रमाण सांगतात, भारतातही केसेस छापून आल्यात, तेव्हा बघायलाही मिळत नाही हे काही खरं नाही. फॉलिक अॅसिड जरूर घ्यावं, मी कधी नको म्हणलं? पण त्यानं हे एंझाइम दुरुस्त होत नाही. ज्या लेकरांना हा आजार असतो त्यांना अंड्यातला बलक किंवा कोलेस्टेरॉलची पावडर देतात, त्यानं वजन-वाढ थोडी सुधारते, मेंदूपर्यंत ते जात नाही, हेही लेखात होतं.

अन् पुरावा. माझ्या भावाला हाच आजार होता असं मी लिहिलेलंच नाही, असावा असं लिहिलंय. पुरावा कुठून आणू? ज्या रक्ततपासणीनं कळतं ती यायला अजून तेरा वर्षं होती अन् लेकरू साडेपाच महिन्यात गेलं. फाटलेली टाळू अन् जुळलेली बोटं दुसऱ्या कारणांनीही असू शकतात हे मला कळतं. पण आजार कोणताही असो, तारखांचा हिशोब बदलत नाही, अन् त्या हिशोबाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

लेख काढणार नाही. मागच्या महिन्यात मी तो आईला वाचून दाखवला, तिला आता नीट दिसत नाही. हिशोबाचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला, बोटावर महिने मोजले, अन् म्हणली, "मग आत्याबाईला हे कुणी सांगितलं काहून नाही रे?" तुमची कमेंट मी तिला वाचून दाखवलेली नाही. तीही खाली तशीच राहू देतो, फक्त पुढच्या वेळी लिहिताना नाव लिहा.