‘इम्युनिटी कमी’वरून आलेल्या कॉमेंटला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं अर्धी चूक माझीच आहे. मी मागं लिहिलं होतं की प्रतिकारशक्ती ढासळली की यीस्ट इन्फेक्शन होतं, ते तुमच्या बहिणीच्या सासरी कुणीतरी वाचलं, तिला दोनदा तो त्रास झालेला, अन् आता घरात कुजबुज की हिला ‘तसला’ आजार तर नाही. वर तुम्ही विचारलंत की लॅबवाले टेस्टा वाढवायला असं लिहितात का.

टेस्टांचं सोडा, मी पगारी टेक्निशियन, स्लाइड दहा बघितल्या काय न् शंभर काय, महिन्याला तेवढेच. पण बहिणीचं म्हणाल तर चूक कबूल. सगळं एकाच वाक्यात कोंबलं मी.

हे यीस्ट इन्फेक्शन करणारी कँडिडा ही बुरशी बाहेरून येतेच असं नाही, धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, बायकांच्या योनीमार्गात ती गुपचूप राहतेच. खाज अन् अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं हा त्रास चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतो, अन् त्यातल्या बहुतेकींची इम्युनिटी ठणठणीत असते. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, बाई गरोदर राहिली, शुगर वाढली की तोल बिघडतो, कधी कारण सापडतच नाही. उलट तिथली आग अन् सूज आपल्याच पांढऱ्या पेशी धावून आल्यामुळं होते, म्हणजे सैन्य कमी नाही, जास्तीच झालं. दोनदा खाज आली म्हणून थेट एचआयव्हीवर उडी मारायला काही आधार नाही, हे सासूबाईंना वाचून दाखवा. वर्षात तीन-चारदा झालं तर मात्र शुगर तपासा अन् स्वॅब द्या, कारण प्रत्येक खाज बुरशीचीच असते असं पण नाही.

तोंडाचं गणित वेगळं. तिथं पहारा मुख्यतः टी पेशींचा (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार), म्हणून एचआयव्हीत सीडी४, म्हणजे या टी पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेला की तोंडात अन् अन्ननलिकेत कँडिडा माजतो. कॅन्सरच्या केमोत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या तर तीच बुरशी रक्तात उतरू शकते, ते लई धोक्याचं. दम्याचा स्टिरॉइड पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना पण तोंडात होतं, पण ते तेवढ्यापुरतं.

आता माझ्या आत्याचं सांगते, औशाची. तोंड आलं म्हणून घरच्यांनी ठरवलं उष्णता झाली, अन् पंधरा दिवस गुलकंद चारला. कवळी रात्रंदिवस तोंडातच. भाकरी दुधात कुस्करून खायची, ठेचा बघितला तरी डोळ्यात पाणी. मी कापसानं टाळू पुसली तर दुधावरची साय निघावी तसा थर निघाला, खाली लालबुंद. स्लाइडवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, तर मायक्रोस्कोपखाली गोल दाणे, दाण्याला फुटलेला बारका दाणा, अन् मधनंच लांब दोरे, म्हणजे कँडिडाच. शुगर ३४०! वाढलेल्या शुगरनं पांढऱ्या पेशी सुस्तावतात, लाळेत साखर उतरते, त्यात वरून गुलकंद, म्हणजे बुरशीचा पोळाच की. डॉक्टरनं तोंडात लावायचं औषध दिलं, शुगरच्या गोळ्या बदलल्या, कवळी रात्री काढून ठेवायला लावली. तीन आठवड्यांनी ठेचा मागून खाल्ला म्हातारीनं. मागची पोस्ट मी तिलाच डोळ्यापुढं ठेवून लिहिली होती, तुमच्या बहिणीसारख्यांचा विचारच केला नाही.

पाव-ब्रेडमधल्या यीस्टनं हे होतं, हा तुमचा मुद्दा मात्र पटला नाही. पावातलं यीस्ट वेगळ्या जातीचं, अन् ते भट्टीतच मरतं. भाकरी खाणाऱ्याला पण कँडिडा होतो, आत्यानं जन्मात पाव खाल्ला नसंल.

अन् एक, तुम्ही सहज लिहून गेलात की बहीण मेडिकलवरून आणलेली ट्यूब चार महिने झाले लावायली. बऱ्याच असल्या ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड घातलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते म्हणून लोक खूश, पण ते तिथल्या कातडीची इम्युनिटीच दाबतं अन् बुरशीला रान मोकळं. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का ते आजच बघा, अन् डॉक्टरकडं जाताना ती ट्यूब सोबत न्या.