तब्येतीचं राहू द्या, रिपोर्ट ठणठणीत पाहिजे

अभिनंदन! कंपनीत वेलनेस प्रोग्रॅम सुरू होऊन वर्ष झालं, अ‍ॅपचे पैसे भरून झाले, पाण्याच्या बाटल्या वाटून झाल्या, आणि आता "याने लोकांची तब्येत खरंच सुधारली का" हे तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. टेन्शन घेऊ नका. उत्तर वरच्या मजल्यावर आधीच ठरलंय, तुम्हाला फक्त आकडे हळूहळू हाकत तिथपर्यंत न्यायचेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, चिठ्ठ्या टाकू नका. म्हणजे कोणाला प्रोग्रॅम द्यायचा आणि कोणाला नाही हे नशिबावर अजिबात सोडायचं नाही, ज्याला यायचंय त्याने यावं असं मोठ्या मनाने जाहीर करायचं. मग बघा कोण येतं. जो गेली पाच वर्षं पहाटे उठून पळतोय तो पहिल्याच दिवशी नाव नोंदवतो कारण पळायचं तर आहेच, वर फुकट टीशर्ट मिळतोय. आणि ज्याला खरी गरज आहे, तो रात्री दहापर्यंत एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसलेला असतो, त्याने तुमचा मेल उघडलेलाही नसतो. वर्षाच्या शेवटी या दोघांची तुलना करायची आणि फरक दिसला की प्रोग्रॅमच्या नावावर टाकायचा. झालं काम!

चिठ्ठ्या टाकल्या की काय होतं ते अमेरिकेतल्या इलिनॉय युनिव्हर्सिटीने करून बघितलंय. २०१६ मध्ये त्यांनी आपल्याच ४,८३४ कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, ३,३०० लोकांना प्रोग्रॅम दिला, उरलेल्या १,५३४ जणांना नाही. निकाल काय, तर दवाखान्याच्या खर्चात फरक नाही, रजांमध्ये नाही, जिमला जाण्यातही नाही. बरं एवढ्यावर गप्प बसावं ना, तर या लोकांनी त्याच आकड्यांवर आपली वर सांगितलेली पद्धत लावून बघितली, म्हणजे आलेले विरुद्ध न आलेले. आणि काय आश्चर्य, आलेले लोक जिमला जास्त जाणारे आणि खर्च कमी असणारे निघाले! माणसं तीच, वर्षही तेच, फक्त चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या की प्रोग्रॅम पास. आता हे लोक प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीपासूनच कमी खर्चाचे होते हेही त्यांनी छापलंय, पण तुम्हाला ते छापायची कोणी सक्ती केलेली नाही. हां, एक फरक मात्र चिठ्ठ्या टाकूनही टिकला, प्रोग्रॅम मिळालेल्यांना वाटायला लागलं की साहेब लोकांना आपल्या तब्येतीची काळजी आहे. म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले असं नाही.

(सांगितलेलं नेमाने करणाऱ्या माणसाची तब्येत मुळात बरी असते हे फार जुनं आहे. १९८० मध्ये छापलेल्या हृदयविकाराच्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यातही, गोळ्या नियमित घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत साधारण १५ टक्के दगावले आणि टाळाटाळ करणाऱ्यांपैकी २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं हो. तुमच्या वेबिनारला निदान पीपीटी तरी आहे.)

आता मोजायचं काय. तर विचारायचं, मोजायचं नाही. "तुम्ही व्यायाम करता का?" हा प्रश्न अतिशय गुणी आहे, त्याला कधी वाईट उत्तर येत नाही. रक्तदाबाचं मशीन मात्र उद्धट असतं, त्याला मीटिंगरूममध्ये घेऊ नका. अमेरिकेत घाऊक दुकानांच्या एका साखळीत हे घडलंय, सुमारे ३३ हजार कर्मचारी, १६० दुकानं, त्यातल्या २० दुकानांत चिठ्ठीने प्रोग्रॅम. दीड वर्षाने विचारलं तर नियमित व्यायाम करतो म्हणणारे शंभरामागे ८ जण जास्त, वजनावर लक्ष ठेवतो म्हणणारे १३-१४ जास्त. इथेच थांबायला हवं होतं! पण त्यांनी रक्तदाब बघितला, कोलेस्टेरॉल बघितलं, बीएमआय बघितला, आणि कशातच दखल घेण्यासारखा फरक नाही. बोलाचीच कढी बोलाचाच भात, तो वाटीत घालून मोजायला गेलं की असंच होणार.

यातली गंमत म्हणजे २०१९ मध्ये छापलेला हा दुकानांचा अभ्यास करणाऱ्या दोघांची नावं आधीच्या, २०१० च्या एका लेखावरही आहेत, ज्यात जुने अभ्यास गोळा करून सांगितलं होतं की वेलनेसवर एक डॉलर टाकला की औषधपाण्याचे ३.२७ डॉलर वाचतात आणि दांड्यांचे २.७३. तुमच्या स्लाइडवर २०१० चा आकडा मोठ्या हिरव्या अक्षरात घाला. २०१९ उजाडलंच नाही असं समजा.

आणि "बिफोर-आफ्टर" आलेख विसरू नका. तपासणीच्या दिवशी ज्यांचा रक्तदाब सगळ्यात जास्त आला तेवढेच निवडायचे. त्यातल्या निम्म्यांचा तो दिवसच वाईट गेला असेल, कोणी जिना चढून आलेलं, कोणाची साहेबांशी नुकतीच खडाजंगी झालेली. तीन महिन्यांनी परत मोजलं की आकडा आपोआप खाली येतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. कावळ्याचं बिल मात्र प्रोग्रॅम विकणारा व्हेंडर तुम्हाला पाठवेल.

बेरीज कशी करायची हेही शिकून घ्या. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने एका मोठ्या कंपनीचे आकडे तपासले तेव्हा मधुमेहासारखे आजार आधीच असलेल्या लोकांना नीट सांभाळण्यावर टाकलेल्या डॉलरचे ३.८० परत आले, आणि सगळ्यांना सरसकट "चाला, वजन कमी करा" सांगण्यावर टाकलेल्या डॉलरचे फक्त अर्धा. आता हे वेगवेगळं दाखवायला आपण काय वेडे आहोत? दोन्ही एकत्र केलं की डॉलरला दीड येतो, मग त्या दीडशेजारी दहा हजार पावलांच्या स्पर्धेचा फोटो चिकटवायचा.

एका गोष्टीला मात्र चुकूनही हात लावू नका, कामाचे तास. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ मध्ये सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. तास कमी करायचे, माणसं वाढवायची, कोण कधी काय करणार हे ज्याचं त्याला थोडं ठरवू द्यायचं, हे सगळं वेलनेसच्या बजेटमध्ये बसत नाही आणि त्याचं अ‍ॅपही निघत नाही. त्यापेक्षा आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला हे धोरण ठेवा, म्हणजे कामाचा ताण तसाच ठेवून "ताणाशी मैत्री" असं सेशन, शक्यतो जेवणाच्या सुट्टीत, कॅमेरा ऑन.

प्रेझेंटेशनला एखादा हात वर करेलच, "पण चिठ्ठ्या टाकल्या होत्या का?" असं विचारेल. चिडू नका. छान प्रश्न म्हणा आणि तिथल्या तिथे त्याला पुढच्या वर्षीचा वेलनेस चॅम्पियन जाहीर करा. पुढच्या वर्षीचा रिपोर्ट त्यालाच लिहायचाय.