शेवटच्या पाट्या बघू द्या की!

तळपायाची आग मस्तकात गेलीय. दर महिन्याला पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅपवर १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा भयपट लावला, भाचीला मुद्दाम शेजारी बसवून. सुरू होतोय न होतोय तोच ‘स्किप’चं बटण! कशाला स्किप? खरी मेख त्या नावांच्या पाट्यांतच आहे. नटांची नावं येतात आणि ‘मॉन्स्टर’च्या पुढे नुसतं प्रश्नचिन्ह! नाव शेवटी कळतं. नटांची यादी पुन्हा येते, आणि प्रश्नचिन्हाच्या जागी बोरिस कार्लॉफ.

मेकअपमन जॅक पियर्सनं तासन्तास खपून त्याचा तो चेहरा घडवायचा, ते सपाट डोकं, त्या जड पापण्या. त्या माणसानं तोंडातून एक धड शब्द न काढता, नुसत्या हातांनी आणि डोळ्यांनी आपल्या काळजाचं पाणी करायचं. आणि त्याचं नाव झळकायची वेळ आली की तुम्ही अ‍ॅपवाले काय करता? पवनचक्की जळाली, म्हातारा बॅरन घराण्याच्या वारसासाठी ग्लास उंचावतो, संपलं. लगेच चित्र आक्रसून कोपऱ्यात, बाकी पडदाभर भलत्याच सिनेमाची जाहिरात आणि खाली उलटे आकडे. रिमोट हातात येईपर्यंत त्या दुसऱ्या सिनेमात कुणीतरी किंचाळायलाही लागलं होतं. भाची विचारतेय, “मामा, मग कोण होता तो?”

ताकभात वाढायच्या आधीच पानावरून उठवायचा हा प्रकार आहे.

शिवाय या सिनेमाला पार्श्वसंगीत असं जवळजवळ नाहीच. जे आहे ते सुरुवातीच्या आणि शेवटच्या पाट्यांवर. म्हणजे तेही गेलं! जिच्या १८१८ साली आलेल्या कादंबरीवर हा सिनेमा बेतलाय त्या मेरी शेलीचं नाव पाटीवर ‘मिसेस पर्सी बी. शेली’ असं नवऱ्याच्या नावानं येतं. याचीही चीड येते मला, पण ती यायला आधी पाटी दिसायला तर हवी!

हे आपोआप पुढे पळणं बंद करायला गेलो, तर टीव्हीवर ती सोयच नाही. कॉम्प्युटरवर जा, खातं उघडा, सेटिंग शोधा. का? सत्तर मिनिटांचा सिनेमा हो! शेवटच्या अर्ध्या मिनिटाची एवढी कसली घाई? माणूस बघत बसलाय ना? मग पाट्या पूर्ण जाऊ द्या. पुढे काय बघायचं ते आमचं आम्ही ठरवू.