घाटरस्ता रुंद केल्याने जंगलाचं काही बिघडत नाही? बिघडतं!

"घाटरस्ता दोन्हीकडे दहा-दहा मीटर वाढला तर जंगलाला काही होत नाही. प्राणी आत सरकतात, एका झाडामागे दहा झाडं लावतात, अँब्युलन्स वेळेत पोचते, आणि सगळा अभ्यास होऊनच मंजुरी मिळते." बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज काल माझ्या आत्याने पाठवला, वर "पटतं बघ" असं लिहून. आत्या जांबोटीची, जंगलाच्या काठावर वाढलेली. तिलाही हे पटतं म्हणून लिहायला बसलो.

प्राणी सरकतात म्हणजे कोण सरकतं? गवा सरकेल, सांबर सरकेल. चोर्ल्याचं देवगांडूळ कुठे जाणार? गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस हे त्याचं शास्त्रीय नाव. 2007 साली शास्त्रज्ञांनी या जातीची नोंद केली ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या चोर्ला गावाहून. दिसायला गांडूळ, पण बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर जीव. ओल्या, भुसभुशीत मातीत, पाचोळ्याखाली राहणारा. रुंदीकरणाला आलेला जेसीबी आधी काय खरवडतो? तीच वरची हातभर माती! खाली उरतो मुरूम नाहीतर कातळ. कडेची झाडं गेली की शेजारची मातीही उन्हाने वाळते. कातडी ओली राहिली तरच जगणारा हा जीव तापलेलं डांबर ओलांडून "आत सरकेल", असं लिहिणाऱ्याने घाट गाडीच्या काचेतूनच पाहिला असणार.

शेकरूही तसंच. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींना भिडतात, तोच त्याचा साकव. तो एकदा तुटला की पलीकडची झाडं त्याला असून नसल्यासारखी.

एकाला दहा झाडांबद्दल फार बोलत नाही. अकेशियाच्या रांगा म्हणजे जंगल नव्हे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं.

अरुंद वळणांवर अपघात होतात, हे कबूल. पावसाळ्यात तिथे जीव मुठीत धरूनच गाडी चालवावी लागते. पण खड्डे बुजवायला, कठडे बांधायला, गटारं काढायला जंगल तोडावं लागत नाही. आणि पेशंटचीच काळजी असेल तर भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, कृष्णापूर या गावांकडे बघा. पावसाळ्यात तिथला पेशंट खांद्यावरून आणावा लागतो. हायवे रुंद झाला म्हणून त्यांची वाट सुधारत नाही.

"सगळा अभ्यास होतो" हे तर धडधडीत खोटं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना 2006 ची. ऑगस्ट 2013 मध्ये केंद्राने ती बदलली. आता आहे त्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण 100 किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि त्याला 40 मीटरपेक्षा जास्त जादा जागा लागत असेल, तरच पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. बेळगावहून चोर्ला घाटाने जा की अनमोड घाटाने, गोव्याची हद्द 100 किलोमीटरच्या आतच येते. वनजमीन घ्यायला वेगळी परवानगी लागते, हे खरं, पण ती म्हणजे परिणाम मूल्यांकन नव्हे.

नियमात बसत नसलं तरी मूल्यांकन करा, आणि ते पावसाळ्यात करा. देवगांडूळ वरच्या मातीत मिळतं ते पावसातच. मे महिन्यात अख्खा घाट पालथा घातला तरी ते हाती लागायचं नाही, आणि अहवालात "आढळले नाही" असं लिहून सगळे मोकळे होतील.