दम, भोंगा आणि दीड जीबी

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की गावातल्या पोरांना कबड्डीचे खुले सामने भरवायची उबळ येते. मैदान अर्ध्या दिवसात तयार होतं. खडे वेचा, पाणी मारा, रोलर फिरवा, 13 बाय 10 मीटर मापून फक्की टाका. मग मंडळातलं कोणीतरी जवळ येऊन हळूच सांगतं, "भाऊ, साऊंड अन् लाइव्ह तुमच्याकडं राह्यलं. बजेटचं मात्र इचारू नका."

बजेट नसलं तरी अपेक्षा प्रो कबड्डीची असते. "दोनशे वॅटच्या जागी चारशेचा डब्बा आणा ना भाऊ, गाव हाललं पाह्यजे." गाव हलत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढतो, कानाला थोडा फरक कळतो, बस. त्याउलट भोंगा आणि माणूस यांतलं अंतर निम्मं केलं, तर उघड्या मैदानात 6 डेसिबल फुकट मिळतात. म्हणून एका कोपऱ्यात स्पीकरची मोठी भिंत उभारण्यापेक्षा प्रेक्षकांच्या डोक्यावर चार कोपऱ्यांत चार लहान भोंगे बांधावेत, तोंडं गर्दीकडे आणि किंचित खाली, आणि आवाज बारीक ठेवावा. हे पटवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन उपांत्य सामने होतात.

आवाज बारीक ठेवायचं कारण खेळातच आहे. चढाई करणाऱ्याचा दम पंचाला ऐकू यावा लागतो. 'कबड्डी, कबड्डी' तुटलं की गडी बाद. म्हणजे हा खेळच साऊंडवर चालतो, आणि तो साऊंड एका माणसाच्या छातीतून येतो. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली, तेव्हा मधेच देणगीची घोषणा झाली नसावी. आपल्याकडे मात्र चढाईच्या 30 सेकंदांतच "आत्ताच एकशे एक रुपये प्राप्त झाले" हे प्राप्त होतं. यावर उपाय एकच. माईकवर खटका असलेला माईक आणू नये. खटका मिक्सरवर ठेवावा आणि मिक्सरवर आपण बसावं. पंचाची शिट्टी झाली की माईक खाली, गडी परतला की वर. गाणंही तसंच.

आता वायर. बिछायत केंद्रवाला आनंदानं बारीक वायरचं भेंडोळं देतो. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 100 मीटरवर नेली, तर जाऊन-येऊन 200 मीटर होते आणि तिचा रोध साधारण साडेतीन ओहम भरतो. पुढे 8 ओहमचा भोंगा असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा वीज वायर तापवण्यात जाते. थंडीच्या दिवसांत कोणाला तरी त्याचा फायदा होत असेल. त्यापेक्षा अॅम्प्लिफायरच्या मागचा 100 व्होल्टचा स्क्रू वापरावा आणि प्रत्येक भोंग्याला लाईन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लाईनीचा व्होल्टेज भोंग्यापुरता उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लावावा. तेव्हा 30 वॅटचा भोंगा लाईनीला 333 ओहमचा दिसतो आणि त्याच वायरीत शेकडा एक टक्काच जातं. चार भोंगे म्हणजे 120 वॅट, म्हणून अॅम्प्लिफायर 150 चा तरी हवा. याच लाईनीत कोणी परस्पर 8 ओहमचा बिनट्रान्सफॉर्मरचा भोंगा जोडला, तर उरलेले सामने तोंडी समालोचनावर होतात.

भोंग्यात ढोलकीचं, बासचं गाणं घालू नये. भोंग्याला साधारण 300 हर्ट्झच्या खालचं नीट वाजवता येतच नाही. तो वाजवायचा प्रयत्न करतो आणि युनिटमधला पातळ पडदा फाटतो. मग फर्र फर्र असा आवाज येतो आणि लोक म्हणतात, "माईक खराब आहे."

माईक खराब नसतो, धरणारा असतो. पाहुणे आले की आधी फुंकतात, मग जाळी मुठीत आवळून बोलतात. जाळीमागच्या फटी झाकल्या की समोरचंच ऐकणारा माईक चहूबाजूचं ऐकू लागतो, भोंग्याचाही आवाज त्यात शिरतो आणि ती जीवघेणी शिट्टी सुरू होते. पाहुणे दचकून माईक लांब धरतात, मग ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, मग परत शिट्टी. निवेदकाचं टेबल भोंग्यांच्या पाठीमागे ठेवलं, माईक ओठांपासून चार बोटांवर राहिला आणि ट्रेबल थोडा उतरवला, तर निम्मं दुखणं जातं. उरलेलं निम्मं पाहुण्यांबरोबर जातं.

हूं हूं असा गुणगुणाट येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून बघावी. थांबला, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. अॅम्प्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावर घ्यावं. हॅलोजन दुसरीकडून. अर्थिंगची पिन तोडून गुणगुणाट थांबवणारे हुशार लोक प्रत्येक गावात आहेत. दव पडलेल्या मैदानात त्यांना बोर्डाजवळ येऊ देऊ नये.

व्हिडिओला कॅमेरा लागत नाही, मोबाइल पुरतो. जागा मात्र लागते. मधल्या रेषेच्या सरळ रेषेत, बाजूच्या रेषेपासून 10 ते 12 मीटर मागे आणि दहा फूट उंच. तिथून दोन्ही बाजूंच्या 'निदान रेषा' (चढाईत ओलांडावीच लागते ती) आणि बोनस रेषा फ्रेममध्ये बसतात. झेडपीच्या शाळेचा स्लॅब त्या जागी आला तर भाग्य. नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. पण ट्रॉली हीच गावाची व्हीआयपी गॅलरी असल्यानं तिच्यावर तीस माणसं चढतात आणि प्रत्येक पकडीला बघणाऱ्याला भूकंप दिसतो. ट्रॉलीला न टेकवता शेजारी लोखंडी पाइप गाडावा, त्याला मोबाइलचा क्लॅम्प आवळावा आणि बुडाशी मातीची दोन पोती टाकावीत.

हॅलोजन कॅमेऱ्याच्या मागून मैदानावर पडावेत, पण कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नकोत. पाखरं जमतात आणि एखादं भिंगावर बसून अख्खा डाव झाकतं. आपल्या विजेला 50 हर्ट्झ, म्हणून हॅलोजनच्या जागी लावलेला स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं नाही तर चित्रात पट्टे धावतात. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करावेत. गुणफलक म्हणून शाळेचा फळा फ्रेमच्या कोपऱ्यात उभा करावा, फक्त हॅलोजनची चमक पडणार नाही असा तिरपा. खडू सांभाळायला चौथीतलं पोरगं पंचापेक्षा कडक असतं.

लाइव्ह करायचं तर आदल्या आठवड्यात जागं व्हावं. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्हला किमान 50 सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला 24 तास जाऊ शकतात. हे सामन्याच्या दिवशी सकाळी कळतं आणि मग सगळं गाव एकमेकांचे मोबाइल हिसकावत सबस्क्राइब करत सुटतं. 3 एमबीपीएसवर 720चं चित्र चालतं. हिशेब केला तर तासाला साधारण 1.35 जीबी, म्हणजे दीड जीबीचा रोजचा पॅक सव्वा तासाच्या आतच ढेकर देतो. पॅक असलेले तीन मोबाइल पाळीनं हॉटस्पॉटला ठेवावेत आणि शूटिंगच्या मोबाइलमधलं सिम काढावं, नाहीतर निर्णायक चढाईला कर्जवाल्या कंपनीचा फोन येतो.

आवाज मोबाइलच्या माईकवर सोडू नये. 34 मीटरवरचा भोंगा एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, निवेदक स्वतःच्याच मागं धावतोय असं वाटतं. मिक्सरच्या आउटमधून वायर घ्यावी, पण मोबाइलला चार भागांची (तीन काळ्या कड्यांची) पिन लागते आणि मधे आवाज उतरवणारी साधी पेटी. थेट जोडलं तर नुसती खरखर. या वायरीत गाणी येऊ देऊ नयेत, नाहीतर कॉपीराइटचा दावा लागून सामना मुका होतो.

भोंग्याची परवानगी पोलिसांकडून आधीच घ्यावी. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 ला बंद सांगतात, आणि अंतिम सामना पावणेदहाला सुरू होणं हा आपला रिवाज आहे.

आणि तेव्हाच लाईन जाते. हॅलोजन विझतात, भोंगे गप्प होतात. निवेदकाचा माईक मिक्सरसकट छोट्या बॅटरीवर सरकल्यानं वायरीत जिवंत राहतो आणि मैदानातला दम अलगद उचलतो. चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला गेलेली गावची पोरं काळा पडदा बघत बसलेली असतात. खाली एक कॉमेंट येते, "आवाज लय भारी येऊन राह्यला भाऊ, फक्त दिसून नाही राह्यलं."